डाव्या पंखातले अकरा खिळे

चार वर्षं मी एअरफोर्समध्ये विमानांच्या पंखांवर कापड शिवलं. त्या काळात विमानाबद्दल मला पुष्कळ शिकवलं गेलं, पण विमानाला आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात हे कोणी सांगितलं नाही. ते मला सेलूला कळलं, सत्तावन्न सालच्या दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी.

मी नागपूरहून परतलो होतो. आधल्या दसऱ्याला आम्ही तिथं दीक्षा घेतली, त्याला वर्ष झालं, म्हणून आईला घेऊन गेलो होतो. येऊन मालकांच्या कापसाच्या जिनिंगमागच्या शेडमध्ये पाहतो तर विमानाच्या नाकाला हळदकुंकू, पंख्याला लिंबू-मिरची, चाकापाशी फुटलेला नारळ आणि दोन्ही पंखांखाली तोरण. या विमानाचे पंख डोक्याच्या वर असतात, दाराच्या चौकटीच्या उंचीवर. आपल्याकडे त्या उंचीवर आडवं काही दिसलं की माणसाचा हात तोरणाकडे जातोच. तिथवर मी समजू शकत होतो.

डाव्या पंखाखालचं तोरण खिळ्यांवर लटकत होतं. अकरा खिळे, एका रेषेत, वीत-वीत अंतरावर. उजवीकडचं तोरण मात्र सुतळीनं पंखाच्या तिरप्या टेकूला गुंडाळलेलं. आणि त्याच्याखाली जमिनीवर सात खिळे पडलेले. सातही वाकडे.

मी ते सात वाकडे खिळे हातात घेऊन उभा होतो तेव्हा नत्थू आला. नत्थू जिनिंगचा चौकीदार.

"कसं दिसते, शालिकभाऊ?"

"हे खिळे कोनं ठोकले?"

"मीनंच. मालक म्हने तोरण असं बांध का वाऱ्यानं पडाले नाई पाह्यजे. मंग म्या खालून बोट वाजवत गेलो. जिथं कडक लागलं तिथं ठोकलं. नुसत्या कापडात खिळा कसा राहीन?"

"आन हे वाकडे?"

"हा उजवा लय टनक आहे बाप्पा. एक वाकला, दोन वाकले. सात वाकल्यावर म्या सुतळी आनली. डावा मातर गरीब आहे. भोपयात जाव तसे गेले."

मी नत्थूवर ओरडलो नाही. नत्थूनं पाच मिनिटांत, हातोडीनं, अशिक्षितपणे जी गोष्ट शोधून काढली होती ती नागपूरहून आलेल्या इंजिनियरला सापडली नव्हती. इंजिनियरसाहेब ऑगस्टमध्ये आले, लिंबाखाली खुर्ची टाकून बसले, विमानाचं नोंदीचं पुस्तक मागवून घेतलं, पुस्तकावर सही केली आणि गेले. विमान शेडमध्ये होतं आणि शेडपर्यंत ऊन होतं.

गोष्ट अशी. घराला जसं आढं असतं तसा पंखाला एक लांब दांडा असतो, त्याला स्पार म्हणतात. पंखाचा सगळा भार त्याच्यावर. फासळ्या त्याला अडकवलेल्या, वरून कापड. आमचं विमान पायपर नावाच्या अमेरिकन कंपनीचं, पिवळं, एकामागे एक दोन माणसं बसतील असं. या विमानाचे लढाईपर्यंतचे पंख लाकडी स्पारचे, लढाईनंतरचे अल्युमिनियमच्या स्पारचे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. कापड चढवून रंग दिला की सख्ख्या आईला ओळखू यायचे नाहीत. कलकत्त्याच्या ज्या दलालानं हे विमान विकलं त्यानं भंगारातून दोन विमानांचं एक केलं असणार. डावा पंख एकाचा, उजवा दुसऱ्याचा. पुस्तकात लिहिलं होतं: दोन्ही पंख धातूच्या स्पारचे.

डाव्यात लाकूड होतं याचंही मला काही नव्हतं. लाकडी पंखानं लोक लढाई लढले. पण तो स्पार म्हणजे पाऊण इंच जाडीची उभी फळी. तिच्या त्या पाऊण इंचाच्या कडेत, एकाच रेषेत, अकरा खिळे. बैलबंडी करणारा कोणताही सुतार सांगेल, एका रेषेत दोन खिळे मारले की फळी खिळ्यापासून खिळ्यापर्यंत चिरते. आम्ही अकरा मारले होते आणि वर आंब्याची पानं लावली होती.

मी असतो तर पहिल्या खिळ्यालाच हातोडी धरली असती. पण पूजेच्या आठ दिवस आधी आमचे मालक पुंडलिकराव मला म्हणाले होते, "दसऱ्याले तू नाई आला तरी चालते." मी तसाही जाणार नव्हतो. आम्ही घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत विमानाची पूजा करा असं कुठं नाही. पण आपण न जाणं वेगळं आणि नाई आला तरी चालते हे वेगळं. पंखावर वर्षभर माझा हात फिरलेला चालत होता. त्याच पंखाला कुंकू लागताना माझी सावली चालत नव्हती. बरं, नका बोलावू. मग निदान खिळे तरी ठोकू नका.

आता हे विमान सेलूत काय करत होतं ते सांगायला पाहिजे, कारण नसता राग तिथूनच सुरू होतो, आणि तो माझा नव्हता.

पुंडलिकरावांच्या आई देवकाबाई. त्यांचं माहेर हिंगणी, आठ मैलांवर. एकतीस वर्षांपूर्वी त्या दोन वर्षांच्या पुंडलिकरावांना घेऊन भाऊबीजेला माहेरी गेल्या. त्यांचे भाऊ बापूराव चार माणसांत म्हणाले, "पोराचं नाक मायवर नाई गेलं, वांग्यावर गेलं." देवकाबाईंनी ओवाळायचं ताट तिथंच ठेवलं आणि म्हणाल्या, "तुह्या गावात पाय ठेवनार नाई." बापूराव म्हणाले, "मी तुह्या उंबऱ्यात पाय ठेवनार नाई." दोघंही शब्दाचे पक्के. एकतीस वर्षं आठ मैल तसेच पडून राहिले.

पुंडलिकरावांचं नाक खरोखर वांग्यासारखंच झालं, हा देवकाबाईंच्या दृष्टीनं बापूरावांचा आणखी एक अपराध.

तर देवकाबाईंना म्हातारपणी एकच इच्छा राहिली होती. भावाच्या घरावर जायचं आणि एकतीस भाऊबिजांचे एकतीस नारळ त्याच्या छपराच्या कवेलूंवर वरून टाकायचे. पाय ठेवणार नाही असं म्हटलं होतं. नारळ टाकणार नाही असं कुठं म्हटलं होतं? पुंडलिकराव आईच्या शब्दाबाहेर नव्हते. त्यांनी विमान घेतलं. मुहूर्त भाऊबीजेचा ठरला. आणि मला, एअरफोर्स सोडून समुद्रपूरला घरी बसलेल्या माणसाला, पंखाचं कापड सांभाळायला नोकरी मिळाली.

मी खिळे घेऊन ऑफिसवर गेलो. ऑफिसच्या आत मी कधी गेलो नव्हतो. माझं बोलणं खिडकीतून व्हायचं, पोस्टाच्या तिकिटासारखं.

"मालक, डावा पंख लाकडाचा आहे. त्यात अकरा खिळे गेले. हे विमान उडवाचं नाई."

पुंडलिकरावांनी कपाटातून विमानाचं पुस्तक काढलं, पान उघडलं आणि खिडकीच्या गजाला आतून लावून धरलं. "वाच."

"वाचलं आहे, मालक."

"काय लिवलं आहे?"

"धातू लिवलं आहे. पन आत लाकूड आहे."

"खाली सही कोनाची आहे?"

"इंजिनियरची."

"तो किती शिकला?"

"लय शिकला. पन त्यानं पाह्यलं नाई. तुम्ही चाला माह्यासंगं. डावा वाजवला तं ठक वाजते, उजवा वाजवला तं टन वाजते."

"माह्या दोन पोरांचाही आवाज येगळा आहे," पुंडलिकराव म्हणाले. "म्हनून एक लाकडाचा झाला का?"

"मंग हे सात खिळे काऊन वाकले? तिकडचे अकरा काऊन नाई वाकले?"

पुंडलिकरावांनी विचार केला. तो मला स्पष्ट दिसला, त्यांच्या त्या नाकावर.

"नत्थू डावखुरा आहे," ते म्हणाले. "डावीकडे त्याचा हात बरोबर बसते."

नत्थू डावखुरा नव्हता. मी ते सांगितलं. ते म्हणाले, मग उजवीकडचे खिळे हलके असतील. मी म्हणालो, एकाच पुडक्यातले आहेत. ते म्हणाले, "तू कापड शिव. लाकूड पाह्याले सुतार आहे, धातू पाह्याले इंजिनियर आहे." मग खिडकी लावून घेतली. खिडकी लाकडाची होती. त्याबद्दल त्यांच्याकडे कागद नसावा, म्हणून मी काही बोललो नाही.

भाऊबीजेला अठरा दिवस होते. मी रोज खिडकीवर जात होतो. रोज नवं उत्तर. एकदा म्हणाले, तुला आमचं चांगलं पाहवत नाही. एकदा म्हणाले, नागपूरला जाऊन आल्यापासून तुमचे लोक फार बोलायला लागले. त्या दिवशी मी शेडमध्ये जाऊन पंखाच्या खाली बसलो. एका म्हातारीचा जीव पाऊण इंचाच्या चिरलेल्या फळीवर बसून उडणार होता आणि माझ्याशी बोलणारा माणूस माझ्या लोकांबद्दल बोलत होता. लाकडाला जात नसते. चिरायचं असलं की ते चिरतं, वर कोण बसलंय हे विचारत नाही.

मी कात्री घेतली आणि डाव्या पंखाचं कापड खालून हातभर कापलं.

मग मी नत्थूला मालकांकडे पाठवलं. पुंडलिकराव आले, आणि त्यांच्याबरोबर नागपूरहून आदल्याच दिवशी आलेले पायलट प्रभाकरराव. प्रभाकररावांनी गळ्यात गॉगल अडकवला होता, शेडमध्येही. कापलेल्या फटीतून पिवळी फळी स्वच्छ दिसत होती. खिळ्यांची टोकं तिच्यात रुतलेली, आणि एका खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत, तिथून तिसऱ्यापर्यंत गेलेली बारीक काळी चीर.

"आत पाहा, मालक."

पुंडलिकरावांनी आत पाहिलं नाही. ते कापडाकडे पाहत होते. "तू माह्या विमानाचं पोट फाडलं."

"पोटात काय आहे ते पाहा."

"पाहाचं कारन काय? मले माहीत आहे न काय आहे ते. धातू आहे."

"साहेब, तुम्ही तरी पाहा," मी प्रभाकररावांना म्हणालो.

प्रभाकरराव दोन पावलं पुढं आले, मालकांकडे पाहून दोन पावलं मागं गेले. "पंखाच्या आत पाहायचं काम पायलटचं नसतं," ते म्हणाले. "मी बारा वर्षं उडवतोय. आजवर एकही पंख तुटला नाही."

"साहेब, तो एकदाच तुटतो."

"शिव ते," पुंडलिकराव म्हणाले.

"नाई शिवत."

"शालिक, परवा भाऊबीज आहे."

"म्हनूनच नाई शिवत."

त्यांनी मला फाटकाबाहेर काढलं. मला वाटलं, झालं. जिल्ह्यात पंखाचं कापड शिवणारा दुसरा माणूस नाही. आता भाऊबीज होईल, पंख फाटका राहील, म्हातारी वाचेल, मी समुद्रपूरला जाईन.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातला रामाजी शिंपी आणला. रामाजी बंड्या शिवायचा, झब्बे शिवायचा. मी फाटकाच्या फटीतून पाहत होतो. त्यानं पंखाखाली उभं राहून गळ्यातली टेप काढली, पंखाचं माप घेतलं, आणि विचारलं, "मालक, अस्तर लावू का?" पुंडलिकराव म्हणाले, नको. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "खिसा ठेवू का एखादा?" माझं डोकं फाटकावर आपटत होतं आणि तरी मला हसू येत होतं.

रामाजीनं काज शिवतात तशा टाक्यांनी फट बंद केली. काम नीट होतं. त्यामुळं मला आणखी राग आला.

भाऊबीजेच्या सकाळी अर्धं सेलू जिनिंगच्या मागच्या पडीक जागेत जमलं होतं. विमान बाहेर काढलं होतं. तोरणं उतरवली होती पण डावीकडचे खिळे तसेच ठेवले होते. पुढच्या वर्षी कामी पडतील म्हणून.

फाटकावर नत्थू होता. त्याला मला आत सोडायची मनाई होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, इकडंतिकडं पाहिलं.

"शालिकभाऊ, त्या खिळ्यानं खरंच तुटन का?"

"खिळ्यानं नाई तुटन. चिरीनं तुटन. चीर खिळ्यानं पडली."

"म्हंजे बुढीले काई झालं तं लोक म्हनतीन नत्थूनं मारली."

"लोक काई म्हननार नाईत. कागदात खिळे नाईत."

नत्थूला ते समाधान वाटलं नाही. त्यानं फाटक उघडलं आणि स्वतःहून चौकीतून सुताराची करवत आणून माझ्या हातात दिली. कशाला ते त्यालाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण हातात काही असलेलं बरं वाटतं.

देवकाबाई विमानापाशी उभ्या होत्या. हिरवं लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, अंगावर शाल, हातात ओवाळायचं ताट. त्यांच्या सीटपाशी पोत्यात एकतीस नारळ भरलेले. मी सरळ त्यांच्यापुढं गेलो. वाटेत एक सरळ खिळा डाव्या पंखातून पक्कडीनं उपसून घेतला.

"माय, जरा थांबा."

"हो बाजूले," देवकाबाई म्हणाल्या. "मुहूर्त चालला."

"हा खिळा पाहा आन हा खिळा पाहा. हा वाकडा उजव्या पंखाखालचा. हा सरय डाव्यातला. याच्या टोकाले काय लागलं आहे ते पाहा."

मी खिळा पुढं केला. हात तसाच धरून राहिलो. जमिनीवर ठेवायची पद्धत होती. ती मी विसरलो नव्हतो, फक्त वापरली नाही. आणि देवकाबाईंनी तो माझ्या हातातून उचलला. रागात माणूस विटाळ विसरतो. हा रागाचा एक फायदा मला तेव्हा कळला.

खिळ्याच्या टोकाला पिवळं कुसळ होतं. त्यांनी ते नखानं काढलं, दातांत धरून चावलं. मग थुंकलं.

"हे तं लाकूड आहे."

"फळी आहे, माय. पाऊन इंचाची. एका रेघेत अकरा खिळे."

"एका रेघेत?" त्या नत्थूकडे वळल्या. "काऊन बे, बैलाच्या जुवाले ठोकशीन का असे?"

"जुवाले नाई ठोकनार, माय," नत्थू म्हणाला. "जू लाकडाचं असते. मालक म्हनले हे धातूचं आहे."

तेवढ्यात पुंडलिकराव धावत आले. "आई, हा खोटं बोलून राह्यला. दोन्ही पंख धातूचे आहेत. पुस्तकात आहे. इंजिनियरची सही आहे. हा आपली भाऊबीज नासवाले आला."

देवकाबाईंनी पोराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या करवतीकडे पाहिलं. देवकाबाई माणसाला काही सिद्ध करायला सांगत नसत. जे तो म्हणतो त्यातच त्याला बसवत.

"पुंडलिक, धातू आहे न?"

"धातूच आहे, आई."

"सुताराची करवत धातूले चालते का?"

"कशी चालन? दात जातीन तिचे."

"मंग त्याले चालवू दे. दात गेले तं त्याचे गेले. आपलं काय जाते?"

लोक पंखाजवळ सरकले. आपल्याच वाक्यात पुंडलिकराव अडकले होते. त्यांच्या नाकाचा रंगही आता वांग्याचा झाला. ते म्हणाले, "चालव." मग पुन्हा म्हणाले, जास्त जोरात, लोकांना ऐकू जाईल असं. "चालव. होऊन जाऊ दे."

मी रामाजीचे टाके कापले. ते कापताना मला वाईट वाटलं, इतके सुबक होते. करवत खालून घातली आणि ओढली.

पंखांवर मी चार वर्षं काम केलं, एकही पंख कधी कापला नव्हता. पंख जोडायचा असतो. पण त्या सकाळी अठरा दिवसांच्या खिडक्या माझ्या दंडात आल्या होत्या. दसरा आला होता, टन आला होता, ठक आला होता, 'तुमचे लोक' आले होते. करवत खर्र खर्र चालली. आणि पंखाखाली उभ्या असलेल्या देवकाबाईंच्या ताटात, निरांजनाच्या बाजूला, भुसा पडायला लागला. पिवळा, हलका, आणि त्याला वास होता. अल्युमिनियमला असा गोड वास येतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

निम्म्यापेक्षा थोडं अधिक कापलं गेलं आणि उरलेलं आपोआप गेलं. चीर एका खिळ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत टेकूपर्यंत धावली. आवाज मोठा नव्हता. ऊस मोडतो तेवढाच. पंखाचं टोक हळूच खाली वाकलं, पाहुण्यांना रामराम केल्यासारखं.

प्रभाकररावांनी गळ्यातला गॉगल काढून खिशात ठेवला.

पुंडलिकराव ताटाजवळ आले. त्यांनी भुसा चिमटीत घेतला, चोळला, हुंगला. सगळं सेलू त्यांच्याकडे पाहत होतं. मीही पाहत होतो. मला दुसरं काही नको होतं. 'लाकूड' एवढे तीन अक्षरांचे बोल पाहिजे होते.

"धातू हलका दिला त्यानं," पुंडलिकराव म्हणाले.

मी करवत खाली ठेवली. ती हातात राहिली असती तर मला माझी खात्री नव्हती.

देवकाबाईंनी ताटातला भुसा फुंकून टाकला. आपण आज मेलो असतो वगैरे काही त्या बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "मुहूर्त चालला. पंख काढा याचे."

"आई, पंख काढल्यावर उडन कसं?"

"उडाले कोन म्हनून राह्यलं? म्या म्हनलं होतं त्या गावात पाय ठेवनार नाई. मी याच्यात बसून जाईन. पाय याच्यातच राहतीन. बैलबंडी आन."

दोन्ही पंख मी तासाभरात काढले, डाव्यातले उरलेले खिळेही उपसून घेतले. उजवा काढताना मी त्याच्या मुळाशी पाहिलं: अल्युमिनियम, रिबिटांच्या ओळी, पांढरा स्वच्छ. त्याचा काही दोष नव्हता, पण मला त्याचाही राग आला. मग शेपटी उचलून बैलबंडीवर ठेवली आणि दोरानं बांधली. शेपटी पुढं म्हटल्यावर नाक मागं आलं. विमान उलटं चालणार होतं. देवकाबाईंना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरंच आहे. पाठ करूनच जाचं होतं."

प्रभाकरराव मागच्या सीटवर बसले. का ते मी विचारलं. ते म्हणाले, उड्डाणासाठी बोलावलंय, रिकामं परत गेलं तर बरं दिसत नाही. ते हिंगणीपर्यंत विमान वळवायची दांडी धरून बसले.

आठ मैलांना तीन तास लागले. वाटेत तुरीच्या शेतांतून लोक धावत आले. मी मागून, म्हणजे विमानाच्या नाकापाशी, पायी चालत होतो. पुंडलिकराव बंडीच्या पुढं चालत होते. आमच्या मध्ये पूर्ण विमान होतं.

बापूराव त्यांच्या दारात काठी घेऊन उभे होते. बातमी आधीच पोचली होती. मिशा पांढऱ्या, नजर देवकाबाईंचीच.

"हे काय आनलं?"

"इमान," देवकाबाई खिडकीतून म्हणाल्या. त्यांचं तोंड दुसरीकडे होतं.

"पंख कुठं आहेत?"

"एक लाकडाचा निंघाला."

मी रस्त्यात थांबलो. आठ मैल, अठरा दिवस, आणि तो शब्द शेवटी आला तो हिंगणीत, विमानाच्या आतून, भांडणाच्या मध्ये, आणि ज्यानं म्हणायला पाहिजे होता तो बैलांना पाणी पाजत होता.

"उतर," बापूराव म्हणाले.

"पाय ठेवनार नाई म्हनलं होतं."

"मंग म्याही म्हनलं होतं. तुह्या उंबऱ्यात पाय नाई ठेवनार. हे इमान तुहं. हा तुहाच उंबरा."

"पाय नाई ठेवाचा तं नोको ठेवू," देवकाबाई म्हणाल्या. "डोकं इकडे आन."

एकतीस वर्षांत बापूरावांनी डोक्याचा विचार केला नव्हता. त्यांनी पागोटं सावरलं, पाय जमिनीवर घट्ट रोवले आणि खिडकीत डोकं घातलं. देवकाबाईंनी टिळा इतक्या जोरात लावला की ते मागं सरकले. मग पोत्यातून एकेक नारळ काढून त्यांच्या हातात आदळायला सुरुवात केली. "हा सव्वीस सालचा. हा सत्ताविसाचा, तवा मी आजारी होती. हा अठ्ठाविसाचा, तवाही आजारीच होती, तू ऐकूनही आला नाई." बापूराव एकेक नारळ मागच्या पोरांकडे देत होते आणि प्रत्येक सालाला एक शिवी देत होते. पस्तीस सालचा नारळ देवकाबाईंनी आदळला नाही, हळूच दिला, आणि बापूरावांनी शिवी दिली नाही. त्या वर्षी त्यांची आई गेली होती. मग छत्तीस सालापासून आवाज परत चढला.

शेवटचा नारळ दिल्यावर बापूरावांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं. "नाक तं तसंच आहे."

"तसंच आहे," देवकाबाई म्हणाल्या. "अक्कलबी तिथंच गेली."

दुसऱ्या दिवशी पुंडलिकरावांनी मला खिडकीवर बोलावलं. मला कामावरून काढलं होतं, ते अपेक्षितच होतं. त्याआधी एक सही हवी होती. त्यांनी कलकत्त्याच्या दलालाला तक्रार लिहिली होती. डाव्या पंखातला धातू इतक्या हलक्या प्रतीचा निघाला की साध्या सुताराच्या करवतीनं कापला गेला. साक्षीदार म्हणून खाली माझं नाव.

"मालक, लाकूड लिवा. मी सही करतो."

"पुस्तकात धातू आहे. मी पुस्तकाच्या बाहेर कसं लिवू?"

मी सही केली नाही. अकरा सरळ आणि सात वाकडे खिळे खिडकीच्या पट्टीवर ओळीनं मांडले आणि समुद्रपूरच्या बसनं घरी गेलो. माझ्याऐवजी सही रामाजी शिंप्यानं केली असं नंतर कळलं.

दलालाचं उत्तर आलं तेही कळलं. धातूचा पंख करवतीनं कापला जाऊ शकत नाही, सबब तक्रार खोटी आहे.

पुढच्या वर्षी श्रावणात मला जामच्या फाट्यावर नत्थू भेटला. चहा घेता घेता मी विचारलं, विमान कसं आहे. म्हणाला, उजवा पंख शेडमध्ये तसाच आहे, एकदम नवा. डावा मागं भिंतीला लावून ठेवला होता.

"आन मंग?"

"मंग काय, शालिकभाऊ." नत्थूनं बशीतला चहा फुंकला. "मालकाच्या त्या धातूले वाळवी लागली."